मुंगूस इंग्रजीत कसे शिरले?

विदर्भातल्या अनसिंगचे शिवार असो की कोकणातली वाडी, आडवे गेलेल्या मुंगसाला रामाची शपथ घालून ‘तोंड दाखव’ म्हणणारी पोरे महाराष्ट्रभर भेटतात. याच प्राण्याला इंग्रजीत ‘माँगूस’ म्हणतात आणि हा शब्द इंग्रजांना मराठीने दिला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. कागदपत्रे तपासली तर हा दावा कुठवर टिकतो?

यूल आणि बर्नेल यांच्या 1886 मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दासाठी जॉन फ्रायरचा दाखला 1673 या सालाखाली दिला आहे. हे साल जपून वापरायला हवे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर 1673 मध्ये हिंदुस्थानात आला, 1675 मध्ये जुन्नरलाही जाऊन आला. पण त्याचा प्रवासग्रंथ लंडनमध्ये छापला गेला तो 1698 मध्ये. छपाईचा क्रम धरला तर रॉबर्ट नॉक्सचे 1681 मधील पुस्तक आधीचे ठरते. मात्र सिलोनमध्ये बंदिवान राहिलेल्या नॉक्सने दिलेले रूप ‘मौंगुटिया’, म्हणजे सिंहली वळणाचे. आजच्या इंग्रजी शब्दाचा माग काढायचा तर फ्रायरकडेच यावे लागते.

‘हॉब्सन-जॉब्सन’ने शब्द तेलुगू ठरवला; प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने दखनी आणि मराठी म्हणून दिलेले ‘मंगूस’ हे रूपही नोंदवून ठेवले. इथे उच्चार फोडून पाहावा. तेलुगूत ‘मुं-गि-स’, कन्नडात ‘मुं-गु-सि’: तीन तुकडे, शेवटी स्वर. मराठीत ‘मुं-गूस्’: तुकडे दोनच, शेवटी व्यंजन, त्याआधी दीर्घ ऊ. इंग्रजी ‘माँ-गूस्’ची घडण हीच, फक्त आघात पहिल्या तुकड्यावर. मराठीतही ‘मुंगसाने’, ‘मुंगसाला’ म्हणताना तो ऊ गळतो. तेव्हा इंग्रजीने उचलले ते विभक्ती न लागलेले रूप. शेवटच्या तुकड्याला पुढे हंसवाचक ‘गूस’चे स्पेलिंग चिकटले, तरी अनेकवचन ‘माँगूसेस’ असेच रूढ झाले.

ऑक्सफर्डचा कोश आज या शब्दाचे मूळ मराठीच देतो. पण त्यापुढे जाताना हात आखडावा. प्राकृतात ‘मंगुस’ सापडतो, तेलुगू-कन्नड रूपे त्याच कुळातली दिसतात आणि अभ्यासकांचा कल द्राविडी उगमाकडे आहे. इंग्रजीला हा शब्द मराठीने दिला, एवढे साधार म्हणता येते; तो मराठीतच जन्मला, असे म्हणता येत नाही.