गृहशिक्षणातील दैनंदिन अध्ययनकाल
गृहशिक्षणातील दैनंदिन अध्ययनकाल म्हणजे शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलाने दररोज अध्ययनाला दिलेला वेळ होय. सहावी ते आठवीच्या वयोगटासाठी महाराष्ट्रात तो कायद्याने निश्चित केलेला नाही. तुलनेसाठी शाळांचे प्रमाण घेतले जाते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार या इयत्तांसाठी शाळेत वर्षाला किमान २२० कामाचे दिवस व १००० अध्यापन तास आवश्यक आहेत (पहिली ते पाचवीसाठी अनुक्रमे २०० व ८००). म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे साडेचार तास.

मात्र हे प्रमाण संपूर्ण वर्गाला शिकवण्याचे आहे, ते घरी जसेच्या तसे लागू करणे योग्य ठरत नाही. हजेरी घेणे, वह्या तपासणे, मागे राहिलेल्यांना पुन्हा समजावणे यांत तासिकेचा बराच भाग जातो. एकाच मुलाला शिकवताना हा वेळ वाचतो व तोच पाठ लवकर पूर्ण होऊ शकतो. याउलट अवांतर वाचन, प्रयोग किंवा शेतातील मोजमाप यांना तासिकेची मर्यादा नसते. हा वेळ अध्ययनात धरावा की नाही, हे पालक ठरवतात. आठवीच्या समकक्षतेसाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची परीक्षा देता येते.