इंदूरची दिवाळी, १९१७ : प्लेगच्या उंदराची मिरवणूक

सरकारने लोकांना आरोग्याची गोष्ट कशी सांगावी, याची दोन उदाहरणं आपल्या इतिहासात शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं सर्वांना ठाऊक आहे. पुणे, १८९७. प्लेग आला आणि रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरले. माणसं उचलून इस्पितळात आणि छावणीत नेली. हेतू साथ रोखण्याचा होता. पण लोक आजारी माणसं लपवू लागले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झडल्या.

दुसरं आपल्या इंदूरचं. तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. नगररचनेसाठी त्यांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थाला बोलावलं होतं. तो मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक. शहराला प्लेगची धास्ती होती. उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे १८९८ साली सिमाँने मांडलं होतं आणि पुढे मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कंही झालं होतं. अडचण एवढीच, की हे गल्लीबोळातल्या माणसाला पटवायचं कसं?

गेडिसने दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. मिरवणुकीचा रस्ता आधी ठरवलाच नाही. ज्या आळीतली जास्तीत जास्त घरं झाडून, डागडुजी करून, रंगवून तयार, तिथूनच ती जाणार! मग काय, हिंदू वस्त्या आणि मुसलमान मोहल्ले चढाओढीने कामाला लागले. या हकिकतीत सहा हजारांवर गाड्या कचरा निघाल्याचा आकडा येतो.

मिरवणुकीत लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता आणि अंगावर पिसवा थरथरणारा एक अगडबंब उंदीर होता. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, फुलं लावून मानाने चालले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. तुळशीची रोपं वाटली.

आता हिशेब नीट मांडू. ही हकिकत मुख्यतः गेडिसच्याच तोंडची, त्यामुळे थोडी रंगलेली असणार. प्लेगचा जोर हंगाम बदलला की आपोआपही ओसरतो. म्हणजे पुतळा जाळून साथ गेली असं कोणी म्हणू नये. पण घराघरातली अडगळ हलली, म्हणजे उंदरांचा थारा मोडला. हे काम खरं. आणि ते लोकांनी आपल्या हातांनी केलं, दारावर सोजीर उभा न करता.

एक बोच मात्र राहते. सफाई कामगारांचा तो मान एका दिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी टोपली पुन्हा त्यांच्याच डोक्यावर आली. गेडिसचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली निघाला. त्यात नकाशे, बागा, सांडपाण्याचा विचार, सगळं आहे. टोपली उतरवणं हे नकाशाने होणारं काम नव्हतं.

बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ साली, स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं. दोन्ही घटनांचा धागा ओढूनताणून जोडायला नको. पण इंदूरकरांनी त्या पहिल्या नंबराचा अभिमान मिरवताना कचरा उचलणाऱ्यांच्या पगाराची आणि हातमोज्यांचीही चौकशी करावी. १९१७ चा अपुरा राहिलेला भाग तोच आहे.