फर्माईशींची वही कोणाच्या हाती?

लग्नाच्या स्वागत समारंभात टेबलावर क्यूआर कोड ठेवलेला असतो. पाहुणा तो फोनने स्कॅन करतो, उघडलेल्या पानावर गाण्याचे नाव लिहितो आणि ते डीजेच्या पडद्यावर उमटते. ही सोय देणाऱ्या कंपन्या आहेत. तसेच डीजेने आपल्याच लॅपटॉपवर किंवा तळहाताएवढ्या संगणकावर बसवावेत असे आटोपशीर प्रोग्रॅमही आहेत. दोन्ही मार्गांनी वाजणारे गाणे एकच असते, त्यामुळे कोणता मार्ग घ्यायचा हा फक्त सोयीचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो त्याहून मोठा आहे. प्रत्येक फर्माईशीतून दोन गोष्टी जन्माला येतात. गाणे वाजते आणि संपते. कोणी, कधी, काय मागितले याची नोंद मात्र मागे उरते. फर्माईशीच्या प्रथेचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या धंद्यातली खरी सत्ता नोंद ठेवणाऱ्याकडे गेलेली दिसते. म्हणूनच ती वही डीजेने स्वतःकडे ठेवावी, असे मला वाटते.

नोंदीच्या आधीचा काळ निर्मळ होता, असे मात्र कोणी समजू नये. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या दिवसांत बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्स मोअर’ मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. तिथे मागणारा आणि गाणारा समोरासमोर होते, पण ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी पुरी होई. संगीत बारीत लावणीची फर्माईश दौलतजादेच्या सोबतीने येत असे. पैसा टाकणाऱ्याची आवड हीच बैठकीची आवड ठरे, आणि गाणारीला नकार देणे अवघड असे. मागणारा जवळ असला म्हणून न्याय होतोच असे नाही, हे या प्रथांनी दाखवून दिले आहे. पुढच्या युक्तिवादात हा आक्षेप विसरून चालणार नाही.

नोंद यंत्रात शिरली ती अमेरिकेत. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील पॅले रॉयाल या मद्यगृहात लुई ग्लास आणि विल्यम अर्नोल्ड यांनी नाणे टाकल्यावर वाजणारा एडिसनचा फोनोग्राफ बसवला. कर्णा नसल्याने गाणे कानाला नळी लावून ऐकायचे. अशा चार नळ्या होत्या. निवडीला वाव नव्हता, कारण यंत्रात गाणे एकच असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारे, अनेक गाण्यांतून निवड करू देणारे ज्यूकबॉक्स आले आणि १९४८ मध्ये सीबर्ग कंपनीने एका पेटीत शंभर गाण्यांची सोय केली. गिऱ्हाइकाला निवड मिळाली, त्याबरोबर अनेक पेट्यांमध्ये प्रत्येक तबकडी किती वेळा वाजली हे मोजणारे यंत्रही आले. पेटी बहुधा हॉटेलमालकाची नसे. ती पुरवणारा व्यावसायिक ठरावीक दिवसांनी येई, गल्ला वाटून घेई, आकडे पाही आणि कमी वाजलेल्या तबकड्या काढून नव्या लावी. हॉटेलात बसणाऱ्यांची आवड अशा रीतीने हॉटेलाबाहेरच्या माणसाच्या हाती गेली. १९४० च्या दशकात ‘बिलबोर्ड’ नियतकालिक ज्यूकबॉक्सवर सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांचा स्वतंत्र तक्ता छापू लागले, म्हणजे ही आवड बाजारभावासारखी जाहीर होऊ लागली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सिनेटच्या मॅक्लेलन समितीला या धंद्यातील गुंडगिरीची चौकशी करावी लागली. पेट्यांच्या जाळ्यावरचा ताबा किती मोलाचा झाला होता, हे त्यावरून कळते.

याच काळात सिएटलमध्ये केन शायव्हर्स यांनी ‘मल्टिफोन’ नावाची वेगळीच व्यवस्था उभारली होती. हॉटेलातल्या टेबलावर छोटी पेटी असे. नाणे टाकून गाण्याचा क्रमांक सांगितला की शहरातल्या मध्यवर्ती खोलीत बसलेली स्त्री ती तबकडी लावी आणि टेलिफोनच्या तारेतून गाणे टेबलापर्यंत पोहोचे. आज ज्याला सर्व्हर म्हणतात त्याचीच ही मानवी आवृत्ती होती. एका पेटीत मावणार नाहीत इतकी गाणी त्यामुळे उपलब्ध झाली, पण अख्ख्या शहराची फर्माईश एकाच खोलीत गोळा झाली. आजच्या ऑनलाइन सेवांचा लाभ आणि त्यांची किंमत या दोन्ही गोष्टी त्या खोलीत आधीच हजर होत्या.

भारतात फर्माईशीला मोठे रूप दिले ते रेडिओने, आणि त्यामागे एका मराठी मंत्र्याचा निर्णय होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीत ऐकवले जावे, चित्रपटगीतांना आवर बसावा, ही त्यांची भूमिका होती. निर्मात्यांशीही वाद झाला आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास नाहीशी झाली. श्रोत्यांनी आपली सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोला जात. सुरुवातीला सात गाणी ऐकवून श्रोत्यांनीच त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावायचा, अशी स्पर्धा होती. सायानींच्याच सांगण्यानुसार पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद झाली आणि गाण्यांचे क्रम जाहीर करणारी गीतमाला आली. हे क्रम तबकड्यांच्या दुकानांतला खप आणि श्रोता संघांचे कौल यांवरून ठरू लागले. आकाशवाणीनेही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून लोकांच्या आवडीपुढे मान तुकवली. फर्माईशीचे कार्यक्रम हा तिचा कणा झाला आणि मराठी घरांत ‘आपली आवड’ने तेच स्थान मिळवले.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप उभा राहतो. फर्माईश दूर गेली म्हणूनच तर ती सर्वांची झाली. बैठकीत पैसेवाल्याचे चाले, पण पोस्टकार्डाला सगळे सारखे. आजच्या झारखंडातील झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव केवळ फर्माईशीच्या पत्रांमुळे देशभर ओळखले जाऊ लागले. तिथल्या माणसाचे नाव मुंबई-दिल्लीतल्या श्रोत्याइतक्याच मानाने उच्चारले गेले. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण झुमरी तिलैयाचाच दाखला पुढे नेला तर दुसरी बाजू दिसते. तिथल्या हौशी मंडळींनी पत्रांचा सपाटा लावला आणि छापील पोस्टकार्डे वापरली. मोजणी दूर कुठे तरी होत असल्याने ती पाहता येत नव्हती, पण आकड्यांनी झुकवता येत होती. श्रोता संघांची गणितेही याच वाटेने जात. समानता पोस्टकार्डाच्या स्वस्तपणातून आली होती आणि अपारदर्शकता मोजणीच्या दूरपणातून. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. दुसरी सोडून पहिली ठेवता येते.

ते शक्य असते हे लॉस एंजेलिसच्या आर्ट लाबो या निवेदकाने १९५० च्या दशकात दाखवले. एका ड्राइव्ह-इन उपाहारगृहातून तो थेट प्रसारण करी आणि जमलेली तरुण मुले त्याला गाणी सांगत. ती मुले पुन्हा पुन्हा जुनी गाणी मागतात हे त्याच्या ध्यानात आले, कारण मागण्यांची यादी तो स्वतः ठेवत होता. त्या यादीतून १९५९ मध्ये ‘ओल्डीज बट गुडीज’ ही संग्रह-तबकडी निघाली. तबकडी कंपन्या नव्या मालामागे धावत असताना श्रोत्यांची जुनी ओढ त्याला कळली, ती हिशेबाची वही त्याच्या हाताशी होती म्हणून.

१९९८ पासून टचट्यून्ससारख्या कंपन्यांनी ज्यूकबॉक्स जाळ्याला जोडला. पुढे फोनवरून गाणे निवडण्याची सोय झाली आणि जादा पैसे भरून रांगेत पुढे सरकण्याचीही. बैठकीतली दौलतजादा आणि मल्टिफोनची मध्यवर्ती खोली हे दोन जुने दोष इथे एकत्र आले. पैशाने क्रम ठरतो आणि त्या रात्रीची नोंद मद्यगृहाबाहेरच्या कंपनीकडे साठते. डीजेंसाठीच्या ऑनलाइन सेवा वापरताना हाच प्रश्न विचारायला हवा: कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांची नावे आणि मागण्या कोणाकडे राहतात?

स्वतः बसवायच्या प्रोग्रॅमची रचना पाहिली की उत्तर सोपे वाटते. गाण्याचे नाव आणि चार शब्दांचा निरोप घेणारे एक पान, आलेल्या मागण्या दाखवणारे डीजेचे दुसरे पान, आणि नोंद ठेवायला एस्क्यूलाइट, ज्यात सगळी माहिती एकाच फाइलमध्ये मावते. चालवायला २०१२ मध्ये ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पायसारखा संगणक पुरतो. एकच गाणे अनेकांनी मागितले तर त्या मागण्या एकत्र मोजाव्यात, एका फोनवरून ठरावीक वेळात ठरावीकच मागण्या घ्याव्यात, नकार देण्याचे बटण डीजेकडे असावे आणि पैशाचा रकाना मुळात ठेवूच नये. झुमरी तिलैया, संगीत बारी आणि ज्यूकबॉक्स यांचे धडे अशा चार-पाच नियमांत बसवता येतात. रात्र संपली की डीजेने आवडीची आकडेवारी ठेवावी आणि नावे पुसून टाकावीत.

यावर कामाच्या माणसांचे आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. हॉलमधल्या खासगी वायफायला इंटरनेट नसेल तर अनेक फोन ते सोडून मोबाइल डेटावर जातात आणि पान उघडतच नाही. तेव्हा प्रोग्रॅम भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. मग पासवर्ड, एन्क्रिप्शन, वेळेवर अद्ययावत करणे ही जबाबदारी येते, आणि ती न पेलणाऱ्याने विश्वासू सेवा घेणेच शहाणपणाचे. पण भाड्याच्या जागेतली वहीसुद्धा आपली असू शकते. निर्णायक आहे ते तिच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे. दुसरा आक्षेप कलेचा: गर्दी जे मागेल ते वाजवणारा डीजे हा निव्वळ ज्यूकबॉक्स ठरेल. केसकरांनी गर्दीची आवड न ऐकण्याचा प्रयोग करून पाहिला आणि श्रोते परक्या केंद्राकडे गेले. उलट लाबोने यादी ऐकली, वाचली आणि तिच्यातून निवड केली. नोंद हाती असणे म्हणजे तिची गुलामी पत्करणे नव्हे. डोळस निवड तिच्यामुळेच शक्य होते.

म्हणून डीजेंनी हे थोडे तांत्रिक कष्ट घ्यावेत. पुढच्या हंगामात कोणत्या वस्तीत कोणते गाणे मागितले जाते, कोणत्या वयाचे लोक कोणत्या सुरावर उठून नाचतात, हे ज्ञान त्यांच्या मेहनतीतून तयार होते आणि त्यावर पहिला हक्क त्यांचा व त्यांच्या श्रोत्यांचा आहे. आजवर ही वही सांभाळायला मध्यवर्ती खोली, टपालाच्या थैल्या किंवा मोठे भांडवल लागे, त्यामुळे ती दूरच्यांकडे जाणे समजण्याजोगे होते. आता ती अडचण राहिलेली नाही.