‘स्वातंत्र्योत्तर’ : संज्ञा आणि प्रदेश

मराठी समीक्षेने १९४७ हे ‘स्वातंत्र्योत्तर’ साहित्याचे आरंभवर्ष मानले. केज तालुक्यातील युसूफ वडगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते; ती राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. राष्ट्रीय आदर्श शब्दशः स्वीकारला की मराठवाड्याचे हे तेरा महिने वाङ्मयेतिहासातून गळतात. मात्र केवळ तारीख दुरुस्त करून प्रश्न सुटत नाही. हैदराबादच्या १९५० च्या कूळकायद्याचा विषय कूळ होते, भूमिहीन मजूर नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी गाव सोडतात. साखर कारखानदारीची यशोगाथा त्यांच्या कोयत्यावर उभी आहे. उचल फिटेपर्यंत बांधलेल्या माणसाच्या संदर्भात ‘स्वातंत्र्योत्तर’ हे विशेषण कालवाचक ठरते, मूल्यवाचक नव्हे. समीक्षेने हा भेद पाळणे अगत्याचे आहे.