दुधाचे पातेले
(बालयकृतविकाराच्या संशोधनाचा इतिहास)



इतिहासाचा विषय निवडावा अशी चालकांची सूचना होती. मी राजघराणे अथवा लढाई न निवडता लहान मुलांचा एक आजार निवडला, याचे कारण घरगुती आहे. माझ्याआधी जन्मलेला भाऊ दीड वर्षाचा होऊन गेला. मी त्याला पाहिले नाही. घरात त्याचा विषय निघाला की मोठी माणसे एवढेच म्हणत, ‘त्याला लिव्हर झाली होती.’ पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे, सतत किरकिर आणि अखेरीस कावीळ. कोणी दृष्टीचे नाव घेतले. ‘आईचे दूध बाधले’ हा मात्र घराचा निकाल ठरला. चौथ्या महिन्यातच त्याला अंगावरून तोडून वरच्या दुधावर ठेवले होते. ते दूध आईच्या लग्नात आलेल्या, काठावर नाव कोरलेल्या पितळी पातेल्यात तापे आणि त्यातच दिवसभर राही.

या विकाराची वैद्यकीय नोंद कलकत्त्यास एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात झाली. पुढे मद्रास, मुंबई, पुणे, सर्वत्र तो आढळू लागला. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हे नाव त्यास पडले. जणू हा आपल्याच देशाचा शाप. साधारणतः सहा महिने ते चार-पाच वर्षे या वयातील मुले त्यास बळी पडत, आणि यकृत कठीण झाल्यावर बहुतेक दगावत. एकाच घरात दोन-तीन भावंडे जाण्याची उदाहरणे होती. त्यामुळे अनेक वैद्यांचा व डॉक्टरांचा कल आनुवंशिकतेकडे झुकला. विषाणू, कुपोषण, आईचा आहार, सर्व तर्क झाले. पण हा आजार अगदी दरिद्री घरांपेक्षा खाऊनपिऊन सुखी अशा घरांत अधिक दिसे, आणि ते कोडे कुपोषणाने सुटत नव्हते.

धागा हाती लागला तो 1978 साली. लंडनमधील संशोधकांनी अशा मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने रंगवून पाहिले, तेव्हा तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे कण दिसले. पुढील वर्षी मोजणी प्रसिद्ध झाली. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे तांबे साधारणतः 50 मायक्रोग्रॅमच्या आत असते; या मुलांत ते 800 च्याही पुढे जाई. हे तांबे यकृत बिघडल्यामुळे साठले, की तांब्यामुळे यकृत बिघडले, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर शोधण्याचे काम बव्हंशी पुण्यात, के. ई. एम. रुग्णालयात झाले. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी प्रयोगशाळेतून उठून स्वयंपाकघराची चौकशी आरंभिली, हे मला या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल वाटते. बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले? कशात तापवले? कशात ठेवले? 1983 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला: कोवळ्या वयात दिलेले, पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले जनावराचे दूध हे संभाव्य कारण होय. 1987 मध्ये आजारी मुले व त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. तिचाही रोख तोच होता.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्यास धरून ठेवते. नवजात बालकाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून अपुरी असते. आईच्या दुधात तांबे अल्प. म्हणजे आमच्या घराने जे बंद केले तेच निर्धोक होते. कल्हईने संरक्षण मिळते खरे; परंतु आमच्याकडे आमटी कळकते म्हणून आमटीच्या भांड्याला वेळेवर कल्हई होई. दूध कळकत नाही, म्हणून दुधाचे पातेले पुढच्या खेपेवर जाई. आणि आनुवंशिकतेचे म्हणाल तर, रक्ताप्रमाणे भांडीही पिढीजात असतात.

हा केवळ भारताचा शाप नव्हता, हेही पुढे दिसले. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच विकाराने दगावल्याचे 1996 साली प्रसिद्ध झाले. तेथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी आणि गाईचे दूध. मात्र त्या कुटुंबांत जन्मजात दोषही असावा असे संशोधकांना आढळले. आपल्याकडेही तांबे हेच एकमेव कारण, असे सर्व तज्ज्ञ मानीत नाहीत. त्याच भांड्यातील दूध पिऊन असंख्य मुले सुखरूप वाढली, मीही त्यांतलाच.

पुण्याच्या चमूने पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा प्रचार केला आणि रोग कसा घटला, ते 1992 मध्ये मांडले. पेनिसिलामाइन हे तांबे काढून टाकणारे औषध वेळीच दिल्यास काही मुले वाचतात, हेही त्यांनी दाखविले. आज हा विकार दुर्मिळ झाला आहे. त्याचे श्रेय सर्वस्वी डॉक्टरांना द्यावे की स्टेनलेस स्टीलला, याविषयी माझ्या मनात शंका आहे. आम्ही राजेंद्र नगरात राहावयास आलो तेव्हा आईने पितळेचा सारा संसार कसेरा बाजारात मोडीत घालून स्टीलची भांडी आणली. त्या वेळी आम्ही कोणीही ‘लॅन्सेट’चे नाव ऐकले नव्हते, स्टील घासावयास सोपे, एवढेच कारण.

पुण्याच्या कामाविषयी मी प्रथम वाचले तेव्हा आई हयात होती. मी तिला सांगितले की आईच्या दुधाने हा आजार होत नाही. ती तांदूळ निवडीत होती. तिने विचारले, ‘डॉक्टरांनी तसे लिहिले आहे का?’ मी ‘हो’ म्हणालो. ‘मग आत्याबाईंना कळवायला हवे होते,’ ती म्हणाली. आत्या जाऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. पातेल्याविषयी तिने विचारले नाही, आणि मीही बोललो नाही.