डिक्की लावली, एसी लावला

‘दुचाकीच्या डिक्कीतून रोकड लंपास.’ वर्तमानपत्राच्या शिरूर-दौंडच्या पानावर ही बातमी अधूनमधून उगवतेच. कुणी कांद्याची पट्टी घेऊन निघालेला असतो, कुणी बँकेतून पैसे काढून. वाटेत चहाला थांबतो आणि तेवढ्यात चोरटे डिक्की फोडतात. वाचणाऱ्याला या वाक्यात काही खटकत नाही. शब्दांच्या मागावर असलेल्याने मात्र डिक्कीपाशी थांबावे, कारण ही डिक्की मुळात सामानाची नव्हे, माणसांची जागा.

बग्ग्यांच्या काळातल्या इंग्रजीत डिकी म्हणजे गाडीवानाची बैठक किंवा बग्गीच्या मागे नोकरांसाठी केलेली जागा. मोटारी आल्या तेव्हा दोन आसनांच्या गाड्यांना मागे एक झाकण असे. ते उघडले की आतून बाक निघे. तीही डिकीच. मालक छपराखाली, डिकीतला उन्हातान्हात. पुढे मोटारी लांबल्या, सगळी माणसे छपराखाली आली आणि मागे उरलेल्या जागेत सामान शिरले. त्या जागेला इंग्लंडात बूट म्हणू लागले, अमेरिकेत ट्रंक. आपल्याकडे हे दोन्ही शब्द आधीच कामाला लागलेले होते. बूट पायात होता आणि ट्रंक पलंगाखाली होती: पत्र्याची, कडीकुलपाची, वसतिगृहापासून पलटणीपर्यंत कुठेही जाणारी. रिकामी राहिली ती डिकी. मराठीने तिच्या ‘क’वर जोर दिला आणि नक्की, चक्की यांच्या चालीवर ‘डिक्की’ केली. ईकारान्त असल्यामुळे ती आपसूक स्त्रीलिंगी झाली आणि पेटी, तिजोरी, कणगी यांच्या पंगतीला बसली.

तिथेही ती स्वस्थ बसली नाही. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकला गुडघ्यांसमोर कुलपाचा कप्पा होता. मोटारीत पाठीमागे असणारी डिक्की स्कूटरवर पुढे आली. मग बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि डिक्की आसनाखाली गेली. जो शब्द एकेकाळी बसायच्या जागेचा होता, त्याच्यावर आता आपण बसतो.

डॅशबोर्डची गोष्टही घोड्यापासूनच सुरू होते, आणि ती सांगायला शिरूरइतके सोयीचे गाव नाही. शिरूरला आजही घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथे इंग्रजांची छावणी होती आणि छावणी म्हटली की घोडी आलीच. नदीच्या नावातल्या ‘घोड’चा घोड्याशी काय संबंध, हा वेगळा वाद आहे. डॅशबोर्डचा संबंध मात्र सरळ आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढे जी फळी ठोकत, ती डॅशबोर्ड. घोडा गेला, चिखल अडवण्याचे काम गेले, फळी राहिली. तिच्यावर वेगाचे काटे आले, रेडिओ आला, थंड हवेच्या झडपा आल्या, आणि आपल्याकडे मधोमध छोटा गणपती आला. शिरूर तालुक्यात तो बहुधा रांजणगावचा महागणपती असतो.

त्याच फळीच्या पोटातल्या कप्प्याला इंग्रजीत हातमोज्यांचे नाव आहे. डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडातली आरंभीची मोटारचालक. १९०९ साली तिने बायकांना मोटार चालवायला शिकवणारे पुस्तक लिहिले आणि आसनाखालच्या छोट्या खणात काय काय ठेवावे याची यादी दिली. तिच्यात हातमोजे, रुमाल, केसांच्या पिना, हातआरसा आणि चॉकलेटेसुद्धा होती. उघड्या मोटारीत गार वारा थेट अंगावर येई, तेव्हा हातमोजे चैनीचे नव्हते, गरजेचे होते. आपल्याकडच्या कप्प्यात हातमोजे सोडून सगळे सापडते: आरसी, विमा, पीयूसी, टोलच्या पावत्या, पुसायचे फडके, डोकेदुखीच्या गोळ्या, कुठल्या तरी देवाचा वाळलेला अंगारा. त्यामुळे ‘ग्लोव्ह’ हा शब्द मराठीत रुजायचे कारणच नव्हते. ‘पुढच्या कप्प्यात बघ’ म्हटले की काम होते.

कप्प्याऐवजी खण का आला नाही? खण हा जुना, मानाचा शब्द. ‘खंड’ या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते सांगतात. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणत आणि घर किती खणांचे यावर घराचा आवाका ठरे. कपाटाचा खण, चोळीचा खण, फोडणीच्या डब्यातले खण: मोठ्या वस्तूचा मापून केलेला तुकडा हा अर्थ सगळीकडे दिसतो. मेजाचा खण बाहेर ओढायचा असतो. मोटारीतली जागा मापाचीही नसते आणि ओढायचीही नसते, म्हणून तिथे कप्प्याचे जमले. दाराच्या पोकळीला ‘दाराचा खिसा’ म्हणतात. हा खिसा फारसी ‘कीसा’वरून, म्हणजे थैलीवरून आलेला. अंगरख्याला लागला, शर्टाला लागला आणि आता पाण्याची बाटली धरून मोटारीच्या दाराला लागला. मोठ्या जागेला उसने नाव घेतले आणि बारक्या जागा घरात रुळलेल्या शब्दांनी भरून काढल्या, असा हा हिशेब आहे.

सामानाची जागा डोक्यावर असण्याचाही एक काळ होता. १ जून १९४८ ला राज्याची पहिली एसटी नगरहून पुण्याला निघाली ती शिरूरवरूनच. लाकडी बांधणी, कापडी छत. पुढच्या काळातल्या गाड्यांना मागे शिडी आणि वर टप असे. टप म्हणजे बग्गीचे, टांग्याचे आच्छादन. एसटीच्या छताने ते नाव घेतले आणि बोचकी, सायकली, कोंबड्यांचे डालगे टपावर चढले. आत ज्याला त्याला खिडकी हवी असे, कारण हवा हवी असे. ही हवा अरबीतून आलेली, ती ‘हवी’ निराळ्या घरातली. उन्हाळ्यात मात्र दोघींचे चांगले जमते.

जुन्या फियाटला, म्हणजे पुढे पद्मिनी नाव मिळालेल्या गाडीला, पुढच्या दारात एक छोटी तिकोनी काच असे. ती तिरकी फिरवली की वाऱ्याचा झोत नेमका अंगावर येई. संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. एवढ्या मोठ्या शब्दाला शोभेल अशी वस्तू मोटारीत दुसरी झाली नाही. आताच्या गाडीत हवा ज्या जाळीतून येते तिला व्हेंट म्हणतात. व्हेंटच्या मागे लॅटिन ‘व्हेंटुस’ आहे आणि हा व्हेंटुस, इंग्रजीतला ‘विंड’ आणि आपला ‘वात’ ही एकाच मुळाची भावंडे आहेत. वातायन काढून व्हेंट बसवले, वात घरातच राहिला.

मोटारीत यंत्राची थंडी पहिल्यांदा आली ती अमेरिकेत, पॅकार्ड कंपनीच्या १९४० सालच्या गाड्यांमध्ये. हवा गार करणारे धूड आसनामागे ठेवावे लागे आणि त्याने निम्मी डिक्की खाल्ली. थंडी हवी तर सामान कमी, असा रोखठोक सौदा होता. शिवाय बंद करायचे बटण नव्हते. थंडी नको झाली की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढा. या यंत्राचे इंग्रजी नाव मोटारीचेही नाही आणि घराचेही नाही. १९०६ साली अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रेमर या सूतगिरण्यांच्या अभियंत्याने ते वापरले. गिरणीतल्या हवेत सूत तुटू नये इतका ओलावा राखणे हे त्याचे काम होते. त्याआधी १९०२ साली विलिस कॅरियरने यंत्र उभे केले ते छापखान्यासाठी, दमट हवेने कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. माणसाच्या घामाचा विचार नंतर झाला. हिंदुस्थानात १९३४ साली फ्रंटियर मेलच्या डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून त्यावरची हवा आत सोडत. त्यालाही एअर-कंडिशन्डच म्हणत.

या शब्दाचे मराठी भाषांतर झाले ‘वातानुकूलित’. फलकावर तो शोभतो, तोंडात राहत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो ऐकवून पाहावा. गुडघे धरून बसलेल्याला वात म्हणजे काय ते पक्के ठाऊक असते. जी हवा वाताला अनुकूल, तिच्यापासून लांबच बरे! खरे तर ‘अनुकूल’मधले ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाच्या दिशेने ते अनुकूल, काठाविरुद्ध ते प्रतिकूल. भीमेच्या काठच्या दौंडकरांना हा अर्थ समजावून सांगावा लागू नये. पण आज कुणाही पोराला विचारा, वातानुकूलमधले कूल त्याला इंग्रजीच वाटेल. व्युत्पत्ती चुकली तरी गाडी थंड होतेच.

बोलण्यात जिंकला तो ‘एसी’. आणि त्याचे विशेषण संस्कृताने नव्हे, बर्फवाल्याने दिले. शाळेबाहेर सायकलवरच्या पेटीतून विकली जाणारी रंगीत बर्फकांडी म्हणजे गारेगार. विक्रेत्याची आरोळीच वस्तूचे नाव झाली. आता एसी बस सुरू झाली की मथळा येतो, ‘प्रवास गारेगार’. ‘थंड’ शब्द हाताशी असून घेतला जात नाही, कारण धंदा थंड असतो, प्रतिसाद थंड असतो. गार मात्र सुखाचे. अर्थात शेतकऱ्यासाठी गार म्हणजे आभाळातून पडणारा बर्फाचा खडाही, आणि त्या गारेने कांदा झोडपला की सुख कुठले.

उष्णतेच्या बाजूला याहून मजेदार कुटुंब आहे. संस्कृत ‘घर्म’ म्हणजे ऊब, ताप. त्याचा मराठीत ‘घाम’ झाला: कारणाचे नाव परिणामाला मिळाले. त्याच मुळाची इराणी शाखा म्हणजे फारसी ‘गर्म’, तिच्यातून आला आपला ‘गरम’. त्याच मुळाची ग्रीक शाखा म्हणजे ‘थेर्मोस’, आणि तिच्यावरून थर्मामीटर, थर्मास, थर्मोस्टॅट. ‘गरम होतंय’ म्हणत आणि घाम पुसत एसीचा थर्मोस्टॅट खाली करणारा माणूस एकाच दमात एका मुळाच्या तीन फांद्या हलवतो. ‘ऊन’ वेगळ्या घरचे, ‘उष्ण’चे. उन्हाळा म्हणजे उष्णकाल, हिवाळा म्हणजे हिमकाल.

या सगळ्याचा कारखाना शिरूर तालुक्यातच असावा हा योग चांगला आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटच्या कारखान्यात मोटारी बनतात. जीप कंपास २०१७ पासून इथेच तयार होते. त्याच वसाहतीत एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे फ्रीज आणि एसीचे कारखाने आहेत. गावाच्या नावाची कुळकथा काहीही असो, त्यात रांजण ऐकू येतो. रांजणातले पाणी बाहेर पाझरते, वाऱ्याने उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. एसीच्या नळ्यांतला द्रवही तसाच वायू होताना उष्णता शोषतो. फरक एवढाच की रांजणाचे पाणी उडून जाते, तर एसीचा वायू दाबून पुन्हा द्रव करतात आणि फिरवत ठेवतात.

नामे अशी देशोदेशींहून आली. पण ती चालतात मराठी क्रियापदांवर, आणि त्यातही एका जोडीवर: लागणे आणि लावणे. ‘लागणे’ संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे या धातूचे. ‘लग्न’ त्याच धातूचे. मराठीत भूक लागते, डोळा लागतो, ठेच लागते, ऊन लागते, वेळ लागतो, आणि कुणी कुणाची मावशी लागते. ‘लावणे’ म्हणजे हे सगळे मुद्दाम घडवून आणणे. आता मोटारीत बसून ऐका. ‘काच लाव, एसी लाव.’ पहिल्या लावण्याने काच बंद होते, दुसऱ्याने एसी सुरू होतो. डिक्की लावली म्हणजे मिटली, गाणी लावली म्हणजे वाजू लागली, पट्टा लावला म्हणजे अडकवला, गाडी सावलीत लावली म्हणजे उभी केली. शब्द एकच, बटणे सहा. कुणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक वस्तू जिथे असायला हवी तिथे नेऊन बसवणे हा अर्थ सगळ्यांत आहे.

दौंडमध्ये ही जोडी आणखी बहरते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हापासून हे जंक्शनचे गाव. इथे गाडी म्हणजे आधी आगगाडी. ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटाला लागली, पळा. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इथे एका टोकाचे दुसऱ्या टोकाला न्यावे लागे. दौंड स्थानकाला बगल देणारी कॉर्ड लाइन झाल्यावर अनेक गाड्यांचा तो खोळंबा टळला. पण तोच दौंडकर मोटारीत, काचा लावून, घाटात बसला की म्हणतो, ‘मला गाडी लागली.’ आता पळायचे नसते, पुढच्या कप्प्यातली पिशवी शोधायची असते.

हल्लीच्या मोटारी तोंडी हुकूम ऐकतात. तापमान वाढव म्हटले की वाढवतात. मराठी शिकणाऱ्या अशा मोटारीची खरी परीक्षा एका वाक्यात होईल: ‘मला एसी लागतो.’ नातू म्हणाला तर अर्थ असा की एसीवाचून चालत नाही, सुरू कर. आजी म्हणाली तर अर्थ असा की एसी बाधतो, बंद कर. शब्द तेच, व्याकरण तेच. बोलणारा कोण आहे हे मोटारीला मागे वळून पाहावे लागेल.