काळ्या रंगावरचे पांढरे ठिपके



काळी किंवा गडद निळी गाडी दारात आली की घरात दोन पंथ पडतात. एक म्हणतो रोज धुवा, दुसरा म्हणतो पाणी लावूच नका, डाग पडतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण हा वाद मोटारीपेक्षा जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या नियमधर्माशी थेट गाठ पडते. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून अंगणात येते.

आधी ठिपका म्हणजे काय ते बघू. थेंबातलं पाणी उडून जातं आणि पाण्यात विरघळलेलं जे काही असतं ते मागे राहतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो, बादलीच्या काठाला जी पांढरी रेघ येते, तोच हा पदार्थ. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणायचे. आपण पाणी दुहेरी कापडाने गाळतो, जिवाणी जिथलं पाणी तिथेच सोडतो. पण ते गाळणं जिवांसाठी आहे. विरघळलेला चुना कुठल्याच कापडात अडकत नाही. तो काढायची युक्ती स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने काढली आणि १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. युक्ती मजेशीर आहे: अशा पाण्यात आणखी मोजका चुना घालायचा, म्हणजे नवा आणि जुना दोन्ही चुना तळाला बसतो. काट्याने काटा काढायचा तसं.

गडद रंगावरच हा ठिपका का छळतो? पांढरं काळ्यावर उठून दिसतं, हे झालंच. शिवाय गडद पत्रा ऊन जास्त पितो, लवकर तापतो, आणि थेंब पुसायला फडकं आणेपर्यंत तो आटून क्षार चिकटलेला असतो.

बस्तीत काळ्या पाषाणाच्या मूर्तीचा अभिषेक जवळून पाहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. अभिषेक झाला की मूर्ती ओली ठेवत नाहीत. स्वच्छ कोरड्या वस्त्राने ती टिपून घेतात, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, मांडीच्या घडीत कुठेही ओल राहू देत नाहीत. ओल राहिली की जीवोत्पत्ती होते, हे त्यामागचं कारण आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. त्याच ओलीने पाषाणावर पांढरं धरतं, हे मागाहून कळतं. धुण्याइतकंच टिपून घेणं महत्त्वाचं, एवढं या उदाहरणातून लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

मोटारी येण्याआधी युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांकडे घोड्यांच्या बग्ग्या होत्या. त्यांचा गडद चकचकीत रंग म्हणजे जवसाचं तेल आणि झाडांची राळ यांचं व्हार्निश. थरावर थर, प्रत्येक थर वाळवून घासायचा, मग पुढचा. एक बग्गी रंगवून पुरी व्हायला कित्येक आठवडे लागत. इतक्या कष्टाचं ते व्हार्निश पाण्याला फार हळवं असे. त्यावर थेंब वाळला की डाग पडलाच. म्हणून बग्गी सांभाळणाऱ्या नोकरांना ठरलेली शिस्त असे: चिखल वाळण्याआधी धुवायचं, उन्हात धुवायचं नाही, गार पाणी वापरायचं आणि लगेच टिपून कोरडं करायचं. बग्गीची खोली तबेल्याला लागून नसावी असाही दंडक होता, कारण घोड्यांच्या मुताच्या वाफेने व्हार्निश मरतं. आज गाडीच्या रंगाबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं या नोकरांना माहीत होतं.

पण ते टिपायचे कशाने? शॅमॉयने. हा शब्द आजही गाडीच्या सामानाच्या दुकानात ऐकू येतो, म्हणून इथे जरा थांबते. शॅमॉय हे युरोपातल्या आल्प्ससारख्या डोंगरांत राहणाऱ्या, शेळीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं नाव आहे. त्याचं कातडं माशाच्या तेलात कमावलं की ते अतिशय मऊ होतं आणि पाणी भराभर शोषतं. पुढे हा प्राणी पुरेना, तेव्हा मेंढीच्या कातड्याची आतली बाजू तशीच कमावून वापरू लागले. नाव तेच राहिलं. म्हणजे मेंढीचं कातडं आणि माशाचं तेल. त्याच्या जोडीला धुवायला समुद्री स्पंज, आणि खरा स्पंज ही वनस्पती नव्हे, तोही प्राणीच.

आपल्या किती घरांत चामड्याची पर्स नको, पट्टा नको म्हणून कटाक्ष असतो! सिंथेटिक आहे ना, असं चपलेच्या दुकानात आपण दोनदा विचारतो. आणि गाडी पुसायचं पिवळट फडकं मात्र घरातली पुरुषमाणसं किंवा ड्रायव्हर आणतो, ते कशाचं आहे हे कुणी बघत नाही. गोंधळ असा की आज शॅमॉय या नावाने प्लास्टिकच्या जातीचं पीव्हीए नावाचं फडकंही विकतात, आणि खरं कातडंही विकतात. पीव्हीएचं फडकं वाळलं की पापडासारखं कडक होतं, भिजलं की मऊ, आणि दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. पाकिटावर खरं लेदर किंवा शीपस्किन असं काही लिहिलेलं असेल तर ते कातडं आहे. ‘नॅचरल’ या शब्दाने हुरळून जाऊ नका. इथे नॅचरल म्हणजेच कातडं.

मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारी बग्गीसारख्याच रंगवत, त्यामुळे कारखान्यात गाड्या वाळत पडून राहत. फोर्ड कंपनीने १९०८ साली मॉडेल टी काढली तेव्हा ती लाल, हिरवी, करडी अशीही मिळे. १९१४ पासून पुढे दहा-अकरा वर्षं मात्र फक्त काळी. हा काळा रंग म्हणजे जपान ब्लॅक: डांबराच्या जातीचा खनिज पदार्थ तेलात विरघळवून पत्र्यावर चढवायचा आणि भट्टीत भाजायचा. स्वस्त आणि टिकाऊ. जपानी लाखकामाची नक्कल करता करता तो युरोपात तयार झाला, म्हणून नावात जपान. तुमच्या आजेसासूबाईंचं जुनं सिंगर शिलाई मशीन आठवा, काळंभोर, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. ती काळी लकाकी याच घराण्यातली.

नंतरचा बदल आपल्याला जवळचा वाटावा असा आहे, कारण तो कापसातून आला. कापसावर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया करून ड्यूपाँ कंपनीने ड्यूको नावाचं लॅकर बनवलं. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड नावाच्या गाडीला ते निळ्या रंगात लावलं. आठवड्यांचं वाळणं तासांवर आलं. पण लॅकरची लकाकी टिकवायला घासावं आणि मेण लावावं लागे. मेण लावलेल्या रंगावर पाणी पसरत नाही, गोळ्या होऊन घरंगळतं, म्हणजे डागही कमी पडतात. मेणाचे डबे घरोघरी गेले ते असे.

या डब्यात काय असतं, हा आपल्यासाठी दुसरा प्रश्न. उत्तम समजलं जाणारं कारनौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर धरतं. पानं वाळवून झोडपली की त्याची पूड निघते. त्याला आपली काही हरकत असायचं कारण नाही. पण ते एकटं फार कडक असतं, म्हणून त्यात इतर मेणं मिसळतात, आणि त्यांत मधमाश्यांचं मेणही असू शकतं. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा पाया. मेण खायचं नाही, गाडीला तर लावायचं, असं म्हणणारे आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. पोळं तर तेच असतं. डब्यावर बीजवॅक्स लिहिलंय का ते वाचावं, लिहिलेलं नसेल तर कंपनीला विचारावं. आता नुसती सिंथेटिक सीलंटंही मिळतात, त्यांनी पाणी तसंच घरंगळतं.

आपल्याकडची गडद गाडी म्हटली की मला मुंबईची काळी-पिवळी आठवते. ती पद्मिनी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, ती कंपनी १९४४ साली उभी केली सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातल्या वालचंद हिराचंद यांनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. वर पिवळी, खाली काळी, आणि सकाळी सकाळी फडकं घेऊन तिला पुसणारा टॅक्सीवाला, हे चित्र आपल्या पिढीने पुष्कळ पाहिलं.

१९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्रास झाली. क्लिअरकोट म्हणतात तो हा. आरशासारखी लकाकी आली, पण नवीनच दुखणं निघालं. कारखान्यांच्या धुराने पाऊस आम्लधर्मी झालेला. असा थेंब तापलेल्या पत्र्यावर आटत गेला की त्यातलं आम्ल तीव्र होतं आणि थर खातं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल हे असल्या डागांसाठी इतकं प्रसिद्ध झालं की रंग बनवणाऱ्या कंपन्या उन्हाळ्यात तिथे रंगवलेले पत्रे उघड्यावर ठेवून परीक्षा घेऊ लागल्या.

म्हणून डाग दोन प्रकारचे. एक वर बसलेला, दुसरा आत कोरलेला. स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावरून बोट फिरवा. खरखर लागली तर क्षार वर बसला आहे, तो निघेल. बोटाला काही लागत नाही पण तिरप्या उजेडात खळगा दिसतो, तर थर खाल्ला गेला आहे. तो घासूनच जातो, आणि घासणं म्हणजे थर पातळ करणं. क्लिअरकोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहूनही कमी. दर दिवाळीला पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

वर बसलेल्या डागाला सगळे व्हिनेगर सांगतात. आपल्यापैकी अनेकींच्या घरात आंबवलेलं म्हणून ते आणतच नाहीत. काही अडत नाही. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा. गाडी सावलीत, पत्रा गार. भिजवलेलं फडकं डागावर मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, लगेच टिपा. एकदा कोपऱ्यात करून बघा आणि मगच बॉनेटला हात लावा.

डाग पडूच नये यासाठी शेवटचं पाणी कोणतं, हे महत्त्वाचं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुणाऱ्या काटकसरी बायका मला माहीत आहेत. भावना चांगली, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते फरशीला, संडासाला वापरा, काळ्या गाडीला नको. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते जमवून, गाळून, शेवटच्या तांब्याला वापरा. पाईप लावून धो धो धुणं मला बघवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, आणि अपकायाची हिंसा तर त्याआधीही होतीच. एका वेळी दोन बादल्या पुरतात, आठवड्यातून एकदा. धूळ असेल तर कोरड्या फडक्याने ओढू नका, ओरखडे उठतात.

आणि टिपायला मायक्रोफायबर. त्याच्या घराण्यातही चामड्याचा संबंध आहे, पण उलटा. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिबारीक धागा काढला आणि त्यापासून चामड्याऐवजी वापरता येईल असं कापड बनवलं. पुढे तशाच बारीक धाग्यांची ही पुसायची फडकी आली. दोन ठेवा, एक पहिलं पाणी ओढायला, दुसरं कोरडं. धुताना त्यांत कंडिशनर घालू नका, धाग्यावर त्याचा थर बसतो आणि मग फडकं पाणी टिपत नाही.